अँटिबायोटिक थांबवायचं कोणी?

नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने १५ राज्यं आणि २ केंद्रशासित प्रदेशांतल्या २० मोठ्या रुग्णालयांची पाहणी केली. पद्धत अगदी साधी होती. ठरलेल्या दिवशी वॉर्डात जायचं, दाखल असलेल्या प्रत्येक रुग्णाचा केसपेपर उघडायचा आणि आज याला अँटिबायोटिक चालू आहे का, असेल तर कोणतं आणि कशासाठी, एवढं टिपून घ्यायचं. असे ९,६५२ रुग्ण पाहिले गेले. त्यांतल्या ७१.९ टक्के रुग्णांना त्या दिवशी किमान एक अँटिबायोटिक चालू होतं. एका टोकाच्या रुग्णालयात हे प्रमाण ३७ टक्के होतं, तर दुसऱ्या टोकाला शंभरातल्या शंभर रुग्णांना अँटिबायोटिक मिळत होतं. कुठे शस्त्रक्रियेचे रुग्ण जास्त, कुठे तापाचे जास्त, हे धरून चाललं तरी ३७ आणि १०० यांच्यातलं अंतर केवळ आजारांच्या फरकाने भरून निघत नाही. त्यातला बराच भाग सवयीचा आहे.

जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीच्या अहवालात याहून बोलके आकडे पुढे येतात. लिहून दिलेल्या अँटिबायोटिक्सपैकी ५५ टक्के संसर्ग झाला म्हणून दिलेली नव्हती, तर होऊ नये म्हणून दिलेली होती. उरलेली ४५ टक्के उपचारासाठी होती. पण त्यांतही कोणत्या जंतूमुळे आजार झाला आणि त्यावर कोणतं औषध लागू पडतं हे नक्की कळल्यावर दिलेली केवळ ६ टक्के. बाकीची ९४ टक्के अंदाजाने दिलेली. हे वाचून डॉक्टरांना नावं ठेवणं सोपं आहे आणि बहुतेक चर्चा तिथेच संपतात. मला ही चर्चा तिथे संपवणं चुकीचं वाटतं. अंदाजाने औषध सुरू करणं हा बऱ्याचदा गुन्हा नसतो, उलट कर्तव्य असतं. आपल्या रुग्णालयांचा खरा दोष पुढच्या दोन-तीन दिवसांत दिसतो. अँटिबायोटिक सुरू करायला माणूस असतो, वेळ असते, कारण असतं. ते बदलायला किंवा थांबवायला मात्र कोणी नेमलेलंच नसतं. या एका पोकळीमुळे साध्या औषधांचा पुरेसा वापर होत नाही, जपून ठेवायची औषधं झिजतात आणि जंतू शिरजोर होतात.

सुरुवात कशी होते ते पाहू. रात्री अकरा वाजता ताप, धाप आणि खालावलेला रक्तदाब घेऊन एखादी वयस्कर बाई कॅज्युअल्टीत येते. रेसिडेंट डॉक्टरला तिच्या रक्तात जंतू आहेत की डेंग्यू, न्यूमोनिया आहे की लघवीचा संसर्ग, हे त्या घडीला ठामपणे सांगता येत नाही. जंतुसंसर्ग रक्तात पसरून रक्तदाब कोसळत असेल, तर तासाभरात अँटिबायोटिक द्यावं असं सेप्सिसवरची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. तेव्हा डॉक्टर सेफ्ट्रिॲक्झोन किंवा पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम लिहितो, सिस्टर मनगटाजवळ टेस्ट डोस देते, आणि अर्ध्या तासात औषध शिरेतून जायला लागतं. इथवर सगळं बरोबर आहे. अडचण सकाळच्या राउंडपासून सुरू होते. बाईचा ताप जरा उतरलेला असतो. केसपेपरवर तारीख पडते, नाडी आणि रक्तदाबाची नोंद होते आणि खाली तीन अक्षरं येतात: सीएसटी, म्हणजे कंटिन्यू सेम ट्रीटमेंट. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. ज्याने औषध सुरू केलं तो रात्रपाळीचा होता, राउंड घेणारे दुसऱ्या युनिटचे आहेत, अँटिबायोटिक का सुरू केलं हे कुठे लिहिलेलं नाही. मग ते बंद करण्याचं धाडस कोणी का करावं? डिस्चार्ज मिळेपर्यंत ते चालू राहतं, आणि डिस्चार्ज कार्डवर पुन्हा पाच दिवसांच्या गोळ्या लिहिल्या जातात.

हे टाळता येतं ते एका बाटलीमुळे. रक्ताचं कल्चर करायचं तर अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्याआधी, त्वचा नीट निर्जंतुक करून, प्रौढ माणसाचं आठ-दहा मिलिलिटर रक्त जंतूंना वाढायला पोषक द्रव भरलेल्या बाटलीत घालायचं असतं. शक्यतो दोन वेगवेगळ्या जागांवरून. बाटली यंत्रात ठेवली की जंतू वाढू लागल्यावर ते कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि यंत्र इशारा देतं, बहुधा दीड दिवसाच्या आत. त्या बाटलीतल्या थेंबावर रंगक्रिया करून जंतूचा प्रकार ढोबळपणे लगेच सांगता येतो. नेमका कोणता जंतू आणि कोणत्या औषधाला तो बधतो, याचा पूर्ण अहवाल यायला आणखी एक-दोन दिवस लागतात. म्हणजे तिसऱ्या दिवशी डॉक्टरच्या हातात अंदाजाच्या जागी माहिती येऊ शकते, आणि मग व्यापक मारा करणारं औषध सोडून नेमकं, अरुंद पल्ल्याचं औषध देता येतं. काही न वाढल्यास आणि रुग्ण सुधारत असल्यास औषध पूर्ण थांबवताही येतं. पण रात्री प्रयोगशाळा बंद असली, बाटली बाहेरून आणायला सांगावी लागली, नमुना पहिल्या डोसनंतर घेतला गेला किंवा हातावरचेच जंतू बाटलीत गेले, तर या साखळीची एक कडी तुटते आणि डॉक्टरांचा अहवालावरचा भरवसा उडतो. भरवसा उडाला की नमुना पाठवणं कमी होतं, आणि नमुने कमी आले की प्रयोगशाळेलाही चोवीस तास माणूस ठेवण्याचं कारण उरत नाही. ९४ आणि ६ हे आकडे या दुष्टचक्रातून आलेले आहेत. एकट्या डॉक्टरच्या अज्ञानातून ते आलेले नाहीत.

यावर वॉर्डातून येणारं उत्तर रास्त आहे: आमच्याकडे येणारा रुग्ण आधी गावच्या दवाखान्यात, मग तालुक्याला, मग आमच्याकडे असा फिरत आलेला असतो, तीन-चार अँटिबायोटिक्स त्याच्या पोटात गेलेली असतात, कल्चरमध्ये काय उगवणार? हे खरं आहे, असे अहवाल बऱ्याचदा कोरे येतात. परंतु कोऱ्या अहवालाचाही उपयोग असतो. रुग्ण सुधारतो आहे, पांढऱ्या पेशी उतरताहेत, छातीचा फोटो स्वच्छ आहे आणि कल्चर कोरं आहे, या चार गोष्टी एकत्र वाचणारा अनुभवी डॉक्टर औषध कमी करू शकतो. प्रश्न एवढाच, की तो एकत्र वाचण्याचा प्रसंग वॉर्डाच्या दिनक्रमात ठरवून ठेवलेला आहे का? बहुतेक ठिकाणी तो नसतो. त्याच पाहणीत ८६.५ टक्के अँटिबायोटिक्स इंजेक्शनने दिली जात होती असं आढळलं. ताप उतरला, रुग्ण जेवायला लागला, की अनेक आजारांत शिरेतल्या औषधावरून गोळीवर जाता येतं. गोळीवर न नेल्यामुळे हातातलं इंट्राकॅथ आणखी चार दिवस राहतं, शीर सुजते, आणि त्याच छिद्रातून रुग्णालयातला जंतू आत शिरायला वाट मिळते. लांबलेलं औषध स्वतःच नव्या संसर्गाचं कारण कसं होतं, याचं याहून स्पष्ट उदाहरण शोधावं लागत नाही.

आता त्या ५५ टक्क्यांकडे वळू. शस्त्रक्रियेत जखमेत जंतू शिरू नयेत म्हणून अँटिबायोटिक देणं हे शास्त्रसंमत आहे. वाद वेळेचा आणि मुदतीचा आहे. बॉस्टनच्या जॉन बर्क या शल्यचिकित्सकाने १९६१ मध्ये गिनीपिगवर केलेल्या प्रयोगांत दाखवून दिलं, की जंतू ऊतींत शिरण्याच्या सुमारास औषध तिथे हजर असेल तरच ते काम करतं. तीन तास उलटून गेल्यावर दिलेल्या औषधाने फरक पडत नाही. पुढे १९९२ मध्ये अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या एका रुग्णालयातल्या २,८४७ शस्त्रक्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चिरा देण्याआधीच्या दोन तासांत औषध मिळालेल्यांपैकी ०.६ टक्के रुग्णांच्या जखमेत संसर्ग झाला. खूप आधी मिळालेल्यांत हे प्रमाण ३.८ टक्के होतं आणि शस्त्रक्रियेनंतर मिळालेल्यांत ३.३ टक्के. या पुराव्यावर आधारून बहुतेक स्वच्छ शस्त्रक्रियांसाठी सेफाझोलिनसारख्या साध्या औषधाचा एकच डोस, चिरा देण्याआधीच्या तासाभरात, असा नियम जगभर रुळला. शस्त्रक्रिया लांबली किंवा रक्तस्राव फार झाला तर मधे एक डोस आणखी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये स्पष्ट सांगितलं, की शस्त्रक्रिया संपल्यावर केवळ प्रतिबंध म्हणून अँटिबायोटिक लांबवू नये. आपल्याकडे मात्र हर्नियापासून सिझेरियनपर्यंत कशाहीनंतर पाच दिवस दोन-तीन औषधं एकत्र चालू ठेवणं सर्रास दिसतं: एक सेफ्ट्रिॲक्झोन, एक मेट्रोनिडाझोलची बाटली, आणि जोडीला अमिकासिन.

इथे शल्यचिकित्सकांचा आक्षेप मी गांभीर्याने घेतो, कारण तो आळसातून आलेला नाही. ते म्हणतात, बॉस्टनचं ऑपरेशन थिएटर आणि आमचं थिएटर एक नाही. आमच्याकडे एका दिवसात वीस शस्त्रक्रिया होतात, हवा शुद्ध करणारी यंत्रणा मधेच बंद पडते, वॉर्डात एका खाटेवर दोघं झोपतात, रुग्ण घरी जाऊन जखमेवर काय लावेल याचा नेम नाही. एका डोसवर आम्ही विसंबायचं कसं? परंतु थिएटरमध्ये किंवा वॉर्डात जे जंतू रुग्णालयातच वाढलेले असतात, त्यांतले बरेचसे याच औषधांना सरावलेले असतात. पाच दिवस सेफ्ट्रिॲक्झोन दिल्याने त्यांना अटकाव होत नाही. रुग्णाच्या आतड्यातले आणि त्वचेवरचे निरुपद्रवी जंतू मरतात आणि त्या मोकळ्या जागेत नेमके हेच जंतू बस्तान बसवतात. जखम बंद झाल्यावर औषध लांबवणं म्हणजे पाऊस थांबल्यावर छत्री उघडणं. थिएटर अस्वच्छ असेल तर त्यावर उपाय ऑटोक्लेव्हची रोजची तपासणी, हात धुण्याची सोय, साबण, पाणी आणि पुरेशा नर्सेस हाच आहे. हे सगळं डॉक्टरच्या हातात नसतं, ते प्रशासनाच्या आणि सरकारच्या हातात असतं. डॉक्टरच्या हातात फक्त प्रिस्क्रिप्शन असतं, म्हणून व्यवस्थेतली प्रत्येक उणीव शेवटी प्रिस्क्रिप्शनवर उतरते. आपल्या रुग्णालयांतल्या अँटिबायोटिकच्या अतिवापराचं वाचन असं करायला हवं असं मला वाटतं. जिथे पाणी, माणूस किंवा प्रयोगशाळा कमी पडते, तिथे औषध भरती म्हणून वापरलं जातं.

आणि कोणतं औषध भरती म्हणून वापरलं जातं, तेही पाहायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये अँटिबायोटिक्सची तीन गटांत विभागणी केली. पहिला ॲक्सेस: साधी, स्वस्त, प्रतिकाराचा धोका कमी असलेली औषधं, जी सर्वत्र मिळावीत आणि आधी वापरावीत. दुसरा वॉच: जपून, लक्ष ठेवून वापरायची. तिसरा रिझर्व्ह: अगदी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवायची. देशातल्या एकूण वापरात पहिल्या गटाचा वाटा किमान ६० टक्के असावा असं संघटनेने म्हटलं होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत जमलेल्या देशांनी २०३० पर्यंत जगाचं हे लक्ष्य ७० टक्के ठरवलं. आपल्या पाहणीतल्या २० रुग्णालयांत ॲक्सेस गटाचा वाटा ३८ टक्के आणि वॉच गटाचा ५७ टक्के निघाला. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला तो पेनिसिलिन देशात बनावं, सामान्य माणसाला परवडावं म्हणून. त्याच कुळातली जुनी, अरुंद पल्ल्याची औषधं आज वॉर्डाच्या कपाटात मागे पडलेली आहेत. स्वस्त औषध मिळवून देण्यात कोणाचा मोठा नफा नसतो, त्याची जाहिरात करायला प्रतिनिधी येत नाही, आणि तरुण डॉक्टर ज्या वॉर्डात शिकतो तिथे त्याने ते वापरलेलं पाहिलेलंच नसतं.

वॉच गटातल्या सेफ्ट्रिॲक्झोनचा बेसुमार वापर झाला की पुढे काय होतं, हे आता पुस्तकी अनुमान राहिलेलं नाही. या औषधाला तोडणारे विकर बनवणारे ई. कोलाय आणि क्लेब्सिएला हे जंतू वाढतात. मग डॉक्टरांना मेरोपेनेम, इमिपेनेम अशा कार्बापेनेम गटाकडे वळावं लागतं. मग त्यांनाही न जुमानणारे जंतू उरतात आणि कोलिस्टिन काढावं लागतं, जे मूत्रपिंडाला अपाय करतं म्हणून कित्येक वर्षं बाजूला पडलेलं होतं. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१० मध्ये भारतीय वैद्यकीय नियतकालिकातून सांगितलं, की केवळ तीन महिन्यांत त्यांना कार्बापेनेम निकामी करणारं एनडीएम-१ हे विकर असलेले २२ जंतू सापडले. तेव्हा देशात वाद पेटला तो त्या विकराला नवी दिल्लीचं नाव दिल्यावरून. मुंबईच्या डॉक्टरांनी दिलेला इशारा त्या गदारोळात बाजूला पडला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या जाळ्यातल्या रुग्णालयांत २०१७ मध्ये ई. कोलायचे ८१ टक्के नमुने इमिपेनेमला बधत होते. २०२३ मध्ये ते ६२.७ टक्क्यांवर आले. क्लेब्सिएला न्यूमोनीचं प्रमाण याच काळात ५८.५ वरून ३५.६ टक्क्यांवर घसरलं. म्हणजे अशा रुग्णालयात क्लेब्सिएलाने आजारी पडलेल्या तिघांपैकी जेमतेम एकाला हे शेवटच्या फळीतलं औषध लागू पडणार. २०१९ या एका वर्षात भारतात सुमारे ३ लाख मृत्यू थेट औषधांना न बधणाऱ्या जिवाणूंमुळे झाले असा जागतिक संशोधकांचा अंदाज आहे. त्यांत नवजात बालकं आहेत, कर्करोगाची केमो घेणारे आहेत, भाजलेले आहेत. ज्यांचं आयुष्य दुसऱ्या कोणत्या तरी उपचाराने वाचलं होतं, ते संसर्गाने जातात.

डॉक्टरांच्या बाजूने आणखी एक मुद्दा मांडला जातो, भीतीचा. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आली. रुग्ण दगावला तर मारहाण होते. ती इतकी वाढली, की महाराष्ट्राला २०१० मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. अशा वातावरणात अँटिबायोटिक दिलं म्हणून कोणी जाब विचारत नाही, दिलं नाही म्हणून विचारतो. ही भीती खरी आहे आणि तिची टिंगल करणाऱ्याने एक रात्र कॅज्युअल्टीत काढावी. मात्र भीतीवर सर्वांत चांगला उतारा म्हणजे लिहून ठेवलेलं कारण आणि मागे भक्कम पुरावा, आणि पुरावा थांबवण्याच्या बाजूने साठत चालला आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बॅलन्स या चाचणीत सात देशांतल्या ७४ रुग्णालयांतले ३,६०८ रुग्ण होते, सगळे रक्तात जंतू पसरलेले. निम्म्यांना ७ दिवस अँटिबायोटिक दिलं, निम्म्यांना १४ दिवस. नव्वद दिवसांत ७ दिवसवाल्यांपैकी १४.५ टक्के दगावले, १४ दिवसवाल्यांपैकी १६.१ टक्के. थोडक्यात, निम्म्या मुदतीने काही बिघडलं नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरिअसचे रुग्ण आणि प्रतिकारशक्ती फार खालावलेले रुग्ण या चाचणीत नव्हते, त्यामुळे निष्कर्ष सगळ्यांना सरसकट लावता येणार नाही. क्षयरोगाला तर तो मुळीच लागू नाही. तिथे पूर्ण मुदत म्हणजे पूर्ण मुदत. परंतु रक्तातला संसर्ग सात दिवसांत आवरतो, तर साध्या शस्त्रक्रियेनंतर प्रतिबंधासाठी पाच दिवस कशासाठी, हा प्रश्न आता टाळता येणार नाही.

काही जण म्हणतील, रुग्णालयांना कशाला धरता? औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मिळतं, कोंबड्यांच्या खाद्यात घातलं जातं, नद्यांत सोडलं जातं. यातलं काहीही खोटं नाही. म्हणूनच मार्च २०१४ पासून, अनेक अँटिबायोटिक्स असलेल्या एच-१ यादीतल्या औषधांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवणं औषध दुकानांना बंधनकारक झालं, आणि २०१९ मध्ये जनावरांच्या व कोंबड्यांच्या खाद्यात कोलिस्टिन वापरायला बंदी आली. या नियमांची अंमलबजावणी ढिली आहे, ती घट्ट व्हायलाच हवी. तरीही रुग्णालयाचं स्थान वेगळं आहे. शेवटच्या फळीतली इंजेक्शनं तिथेच वापरली जातात. सर्वांत अशक्त माणसं तिथे एकमेकांपासून हातभर अंतरावर झोपतात. आणि डॉक्टर लिहायला शिकतो तेही तिथेच. मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात तीन वर्षं लागलेली सवय तो पुढे तीस वर्षं जिल्ह्याच्या गावी चालवतो. याच्या नेमका उलट आक्षेप गरीब देशांसाठी काम करणारे तज्ज्ञ घेतात: अतिवापरापेक्षा योग्य औषध न मिळाल्यानेच माणसं मरतात. २०२५ मध्ये लॅन्सेटच्या संसर्गरोग नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार २०१९ मध्ये भारतासह आठ देशांत कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या संसर्गांचे सुमारे १५ लाख रुग्ण होते आणि त्यांतल्या ६.९ टक्क्यांनाच योग्य औषध मिळालं, भारतात ७.८ टक्क्यांना. हा आक्षेप मला माझ्या म्हणण्याच्या विरोधात जाताना दिसत नाही. ज्याला गरज नाही त्याला पाच दिवस मेरोपेनेम आणि ज्याला खरी गरज आहे त्याचं निदानच नाही, ही दोन्ही दुखणी जंतू ओळखण्याच्या व्यवस्थेच्या अभावातून येतात. प्रयोगशाळा उभी राहिली तर दोघांचं भलं होतं.

मग करायचं काय? आरोग्य सेवा महासंचालकांनी जानेवारी २०२४ मध्ये मेडिकल कॉलेजांमधल्या डॉक्टरांना पत्र लिहून आवाहन केलं, की अँटिबायोटिक लिहिताना त्याचं नेमकं कारणही लिहा. वरवर पाहता ही किरकोळ सूचना वाटते. पण तिच्यामागे पुरावा आहे. अमेरिकेतल्या बॉस्टन आणि लॉस एंजेलिसच्या ४७ दवाखान्यांत १८ महिने चाललेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, सर्दी-खोकल्यासारख्या आजारात अँटिबायोटिक लिहिणाऱ्या डॉक्टरला संगणकावर कारण टाइप करावं लागे आणि ते रुग्णाच्या नोंदीत कायम राही. तिथे अनावश्यक अँटिबायोटिक्सचं प्रमाण २३.२ वरून ५.२ टक्क्यांवर उतरलं. काहीच बदल न केलेल्या दवाखान्यांतही ते २४.१ वरून १३.१ वर आलं, म्हणजे पाहणी होत आहे एवढ्या जाणिवेनेही फरक पडतो. पण कारण लिहायला लावल्याचा परिणाम त्याहून ठळक होता. त्याच वर्षी इंग्लंडमधला प्रयोग आला: आपापल्या भागात सर्वाधिक अँटिबायोटिक लिहिणाऱ्या वीस टक्के दवाखान्यांपैकी निम्म्यांना देशाच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी पत्र धाडलं, की तुमच्या भागातले ऐंशी टक्के दवाखाने तुमच्यापेक्षा कमी लिहितात. ना दंड, ना धमकी. सहा महिन्यांत ७३ हजारांवर प्रिस्क्रिप्शनं कमी झाली. हे प्रयोग बाह्यरुग्ण विभागांतले आहेत, आपल्या गजबजलेल्या वॉर्डांत जसेच्या तसे उतरणार नाहीत. तरी कारण लिहिलेलं असलं की तिसऱ्या दिवशी राउंड घेणाऱ्याला ते कारण अजून टिकलं आहे का हे तपासता येतं, ही गोष्ट कोणत्याही देशात तितकीच खरी आहे.

म्हणून माझ्या मते केसपेपरवर अँटिबायोटिकच्या नावाशेजारी दोन रकाने असावेत: कारण, आणि पुन्हा विचार करायची तारीख. ती तारीख आली की सीएसटी लिहून चालणार नाही. चालू ठेवायचं, बदलायचं, गोळीवर न्यायचं की थांबवायचं, यांतलं एक लिहून सही करावी लागेल. त्या सहीची जबाबदारी युनिटच्या प्रमुखांवर असावी, आणि त्यांच्याशी फोनवर बोलणारा मायक्रोबायोलॉजिस्ट तळघरातल्या प्रयोगशाळेतून आठवड्यातून दोनदा वॉर्डात यावा. औषधभांडाराच्या फार्मासिस्टला सात दिवसांवर चाललेल्या प्रत्येक मेरोपेनेमबद्दल विचारणा करण्याचा अधिकार हवा. सिस्टरला तर बोलायला सांगायलाच हवं, कारण कोणत्या रुग्णाला कितवा दिवस चालू आहे हे तिच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. केरळने २०१८ मध्ये राज्याचा स्वतंत्र कृती आराखडा करून या दिशेने पहिलं पाऊल टाकलं. महाराष्ट्रात एवढी मेडिकल कॉलेजं आहेत. त्यांतल्या प्रत्येकाने आपल्या वॉर्डांची अशी एक दिवसाची पाहणी वर्षातून दोनदा करून आकडे जाहीर केले, तर ३७ कुठे आणि १०० कुठे हे लोकांनाही कळेल. त्याला लागणारा खर्च म्हणजे काही निवासी डॉक्टरांचा एक दिवस.

नातेवाईकांकडे आपण सहसा औषध मागणारी गर्दी म्हणून पाहतो. पण खाटेशेजारी बसलेल्या मुलाने तिसऱ्या दिवशी राउंडच्या वेळी विचारावं: डॉक्टर, आईला हे अँटिबायोटिक कशासाठी चालू आहे, कल्चरचा रिपोर्ट आला का, आणि किती दिवस द्यायचं ठरलं आहे? या तीन प्रश्नांत अविश्वास नाही. डॉक्टरांनी त्यांचा राग मानू नये आणि उत्तर तयार नसेल तर राउंडवरच केसपेपर उघडून ते शोधावं.